लेंग्यातले मुद्रितशोधक

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या मालेत अमेरिकेतल्या उजव्या ब्लॉगलेखकांवर बोलायचे, हे कार्यवाहांना जरा चमत्कारिक वाटले. फोनवर त्यांनी दोनदा विचारले, "विषय हाच छापायचा ना?" मी म्हटले, हाच छापा. गुरुजी उभा जन्म मुद्रितशोधक होते आणि मला आज जी हकिगत सांगायची आहे, ती मुळात मुद्रितशोधनाचीच आहे. फक्त ती सांगलीच्या छापखान्यात न घडता अमेरिकेत घडली आणि तिच्यापायी एका नामांकित वृत्तनिवेदकाची खुर्ची गेली.

सप्टेंबर २००४. मी मुलीकडे, न्यू जर्सीत एडिसनला गेलो होतो. जाऊन चारच दिवस झालेले, त्यामुळे पहाटे तीनला टक्क जाग यायची. सगळे घर झोपलेले. मग मी चहा करून घेऊन तळघरात जायचो. तिथे जावईबापूंचा संगणक होता. त्यावर आधी पुण्या-मुंबईचे पेपर वाचायचे आणि ते संपले की भटकायचे, असा क्रम. या भटकण्यातच मला ते दिसले.

८ तारखेला, बुधवारी रात्री, सीबीएस वाहिनीवर 'सिक्स्टी मिनिट्स'च्या बुधवारच्या आवृत्तीत वृत्तनिवेदक डॅन रॅदर यांनी काही कागद दाखवले होते. निवडणूक आठ आठवड्यांवर आली होती. जॉर्ज बुश दुसऱ्यांदा उभे होते आणि समोर जॉन केरी होते. कागद १९७२-७३ चे असल्याचे सांगितले गेले. टेक्सास एअर नॅशनल गार्डमध्ये बुश यांचे वरिष्ठ असलेले लेफ्टनंट कर्नल जेरी किलियन यांनी स्वतःच्या फायलीसाठी केलेली ही टिपणे, असा दावा होता. बुश यांनी वैद्यकीय तपासणीचा हुकूम पाळला नाही आणि त्यांच्यावर पांघरूण घालण्यासाठी वरून दडपण येत आहे, असा त्यांचा मजकूर. किलियन १९८४ मध्येच वारले होते. मूळ प्रती कोणापाशीच नव्हत्या. होत्या त्या झेरॉक्स.

त्याच मध्यरात्रीच्या सुमाराला अटलांटातल्या एका वकिलाने टोपणनावाने लिहिले की ही अक्षरे टाइपरायटरची दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी 'पॉवर लाइन' नावाच्या ब्लॉगने ते उचलले. हा ब्लॉग तीन वकील मिळून चालवत. नोंदीला मथळा दिला होता 'एकसष्टावे मिनिट'. दिवसभर वाचकांची पत्रे येत राहिली. लष्करात कारकुनी केलेले, जुने टाइपरायटर हाताळलेले लोक लिहीत होते आणि हे गृहस्थ ती पत्रे त्याच नोंदीखाली जोडत होते. मग लॉस एंजेलिसच्या चार्ल्स जॉन्सनने एक गंमत केली. हा मूळचा जॅझ गिटारवादक, पोटासाठी वेबसाइटी बांधणारा, आणि 'लिटल ग्रीन फुटबॉल्स' अशा अजब नावाचा ब्लॉग लिहिणारा. त्याने १८ ऑगस्ट १९७३ चे टिपण मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये जसेच्या तसे टंकले. फॉन्ट, समास, काही म्हणजे काही बदलले नाही. ते सीबीएसच्या कागदावर ठेवले आणि दोन्ही चित्रे आलटून पालटून लुकलुकत राहतील असे केले. ती लुकलुक मी तळघरात पाहिली. चहा निवला.

इथे छापखान्यातले लोक बसले आहेत म्हणून थोडे सविस्तर सांगतो. खिळे जुळवलेल्या हातांना हे सांगावे लागत नाही की 'र' चा खिळा किडमिडीत असतो आणि 'क्ष' चा ऐसपैस. अक्षराला जेवढी जागा हवी तेवढी ते घेते. साध्या टाइपरायटरला हा विवेक नसतो. त्याच्याकडे इंग्रजी आय आणि डब्ल्यू एकाच मापाच्या खुर्चीत बसतात. सीबीएसच्या कागदांतली अक्षरे मात्र छापखान्यातल्यासारखी अंग चोरून, अंग पसरून बसली होती. शिवाय आकड्यापुढचा टीएच बारीक होऊन वर चढला होता. तुम्ही आम्ही वर्डमध्ये लिहिताना तो आपोआप चढतो, आणि आपण चिडून खाली ओढतो, तोच तो.

पण खरे सांगायचे तर पहिल्या दिवशीचे ब्लॉगवाल्यांचे बरेचसे युक्तिवाद कच्चे होते. अक्षरागणिक जागा बदलणारे टाइपरायटर आयबीएमने १९४० च्या दशकातच आणले होते. वर चढणारा टीएचसुद्धा काही यंत्रांवर मिळत असे. तेवढ्यावर मी कोणाला खोटे ठरवले नसते. माझ्या मते निकाल लागला तो ओळी जिथे तुटल्या तिथे. टाइपरायटरवर ओळ टंकणारा माणूस तोडतो. घंटी वाजली की शब्द पुरा करायचा की खाली न्यायचा, हे त्याचे बोट ठरवते. एकच मजकूर दोन टाइपिस्टांना द्या, ओळी दोन ठिकाणी तुटतील. आणि इथे १९७३ च्या लष्करी टाइपिस्टाने प्रत्येक ओळ नेमकी तिथे तोडली होती, जिथे तीस वर्षांनी एक प्रणाली आपल्या मनाने तोडणार होती.

माझा विश्वास बसेना. सीबीएसने ते कागद आपल्या संकेतस्थळावर ठेवलेलेच होते. मी एक पान छापून घेतले. मग दोन बोटांनी टुकूटुकू तेच टिपण वर्डमध्ये टंकले, तेही छापले, आणि दोन कागद एकावर एक धरून तळघरातल्या ट्यूबलाइटपुढे उभा राहिलो. गुरुजी दुसरे प्रूफ पहिल्याशी असेच उजेडात ताडून पाहायचे. लेक वरून खाली आली, तेव्हा मी खुर्चीवर चढून दिव्याला कागद लावून उभा होतो. "बाबा, बरं वाटतंय ना?" असे तिने विचारले.

मी लेंग्यात होतो, हे मुद्दाम सांगतो. कारण त्याच दोन दिवसांत जोनाथन क्लाइन नावाचे सीबीएसच्या वृत्तविभागातले एक माजी अधिकारी फॉक्स वाहिनीवर बोलले. त्यांचे म्हणणे असे की एकीकडे तपासणीचे थरावर थर असलेला 'सिक्स्टी मिनिट्स'सारखा कार्यक्रम, आणि दुसरीकडे दिवाणखान्यात पायजमा घालून मनात येईल ते लिहिणारा माणूस. कुठे काय! पायजमा हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्याकडून, त्यामुळे मला तो विशेष लागला. ब्लॉगवाल्यांनी मात्र तो बिरुदासारखा मिरवला. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या काहींनी कंपनी काढली, तिचे नावच पजामाज मीडिया.

बाकीचे भरभर सांगतो. सीबीएस बारा दिवस हटून बसली. किलियन यांच्या कचेरीतल्या वृद्ध सेक्रेटरी पुढे आल्या. तेव्हा त्या ८६ वर्षांच्या होत्या. हे कागद मी टंकलेले नाहीत, मजकूर मात्र किलियन यांच्या मनातलाच वाटतो, असे त्या म्हणाल्या. २० सप्टेंबरला वाहिनीने कबूल केले की या कागदांचा खरेपणा आम्हाला सिद्ध करता येत नाही. १० जानेवारी २००५ ला चौकशी समितीचा २२४ पानी अहवाल आला. कागद बनावट आहेत असा ठाम निर्वाळा तिने दिला नाही. ते खरे आहेत याची खातरजमा न करता घाईने दाखवले, एवढे म्हटले. निर्मात्या मेरी मेप्स यांना काढण्यात आले, तीन वरिष्ठांना राजीनामे द्यायला सांगितले गेले, आणि ९ मार्च २००५ ला, बरोबर चोवीस वर्षांनी, रॅदर संध्याकाळच्या बातम्यांच्या खुर्चीवरून उठले. 'टाइम' साप्ताहिकाने पॉवर लाइनला वर्षातला सर्वोत्तम ब्लॉग ठरवले होते.

आता या उजव्या ब्लॉगवाल्यांना लावल्या जाणाऱ्या एका शब्दाबद्दल. 'कॉन्झर्व्हेटिव्ह'ला आपण मराठीत पुराणमतवादी म्हणतो, आणि म्हणताक्षणी डोळ्यांपुढे सोवळे नेसलेला, नाकाला पदर लावलेला कोणीतरी उभा राहतो. भाषांतर करतानाच निकाल देऊन टाकायची ही आपली जुनी खोड. मला या शब्दासाठी मुद्रितशोधकाच्या खुणांतली एक खूण पुरते. गुरुजींनी पहिल्याच दिवशी मला खुणा शिकवल्या. काढा, घाला, जागा सोडा, उलटा खिळा, काना गाळला. मी सगळ्या पाठ केल्या. मग म्हणाले, "एक राहिली." खोडलेल्या शब्दाखाली ठिपके द्यायचे. अर्थ, होते तसेच राहू द्या, मीच चुकलो. माझ्या मते विचारवंत एडमंड बर्कपासून चालत आलेल्या या विचाराची ही खूण आहे. जुने आहे म्हणून थोर, असे त्यात कुठेच नाही. जे चालते आहे ते कशामुळे चालते, हे कळेपर्यंत हात लावू नका, इतकेच त्याचे म्हणणे. आणि हात लावून बसलात, तर ठिपके द्यायची लाज वाटू देऊ नका.

या ब्लॉगवाल्या मंडळींना प्रस्थापित माध्यमांबद्दल जो राग होता, तो काही ब्लॉगनी जन्माला घातला नव्हता. विल्यम बकली यांनी १९५५ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक काढले, ते आपले म्हणणे कुठे छापूनच येत नाही या तक्रारीतून. १३ नोव्हेंबर १९६९ ला उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी डे मॉइन शहरात भाषण करून दूरचित्रवाणीच्या मूठभर निवेदकांवर तोफ डागली. १९८७ मध्ये दोन्ही बाजू मांडण्याची प्रसारकांवरची सक्ती उठली आणि पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आली. ब्लॉग आले तेव्हा हे सारे सरण रचलेले होते.

पण रेडिओला जे जमत नव्हते ते ब्लॉगला जमले. रेडिओवरचा माणूस बोलून जातो. ब्लॉगवाल्याला पुरावा जोडता यायचा. अमुक वाक्य अमुक पेपरात आहे, हा घ्या दुवा, जाऊन पाहा. टेनेसी विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक ग्लेन रेनल्ड्स ऑगस्ट २००१ पासून 'इन्स्टापंडित' लिहीत. त्यांची नोंद अनेकदा एका ओळीची असे आणि ती ओळ म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या पानाकडे दाखवलेले बोट. त्यांनी बोट दाखवले की त्या बिचाऱ्या पानाचा सर्व्हर आडवा व्हायचा. 'फिस्किंग' नावाचा प्रकारही याच काळातला. ब्रिटिश पत्रकार रॉबर्ट फिस्क यांचा लेख ओळीमागून ओळ उतरवायचा आणि प्रत्येक ओळीखाली तिची चिरफाड करायची, यावरून ते नाव पडले. आपल्या शास्त्री लोकांना हे ओळखीचे वाटेल. फक्त आपल्याकडे पूर्वपक्ष आधी त्याच्या सगळ्या बळानिशी मांडायचा दंडक होता. तो त्यांनी घेतला नाही.

मला सगळ्यांत आवडायची ती त्यांची आडवी रेघ. चांगला ब्लॉगवाला चुकला तर चुकलेले वाक्य पुसत नसे. त्यावर आडवी रेघ मारायचा, रेघेखालचे वाक्य वाचता येईल असे ठेवायचा आणि खाली लिहायचा, सुधारणा, अमुक वाचकाने चूक दाखवली, आभारी आहे. म्हणजे छापलेल्या पानावरच प्रूफ दिसत राहायचे. आपल्या वर्तमानपत्रांतली चूकदुरुस्ती सातव्या पानावर तळाशी शोकवार्तांच्या शेजारी असते आणि मूळ चूक काय होती ते तिच्यात नसते. मी चौतीस वर्षे उपसंपादक होतो. अशा किती चौकटी मीच लिहिल्या असतील! रेघ मारून ठेवण्याचे धैर्य आम्हाला कधी झाले नाही.

या शोधकांचा उत्तम काळ कोणता, असे विचारले तर बहुतेक जण २००४ सांगतील. मी नाही सांगणार. दुसऱ्याच्या गॅलीतल्या चुका कोणालाही दिसतात.

५ डिसेंबर २००२. सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांचा शंभरावा वाढदिवस. १९४८ मध्ये थरमंड वंशभेदाच्या बाजूने राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते आणि मिसिसिपीने त्यांना कौल दिला होता. मिसिसिपीचेच ट्रेंट लॉट, सिनेटमधले रिपब्लिकनांचे नेते, या समारंभात म्हणून गेले की बाकीच्या देशानेही आमच्यासारखे मत दिले असते, तर पुढच्या इतक्या अडचणी आल्याच नसत्या. खोलीत वार्ताहर होते. मोठ्या पेपरांना पहिल्या दिवशी त्यात बातमी दिसली नाही. डाव्या बाजूच्या जॉश मार्शल या ब्लॉगवाल्याने ते लावून धरले, पण त्याच्याबरोबर ग्लेन रेनल्ड्स आणि अँड्र्यू सलिव्हन यांनीही धरले. हे दोघे तेव्हा उजव्या बाजूचे गणले जात. २० डिसेंबरला लॉट यांनी नेतेपद सोडले. आपल्याच सरदाराला खाली उतरवायला हात लावणारे हे लोक होते.

तीन वर्षांनी पुन्हा. ३ ऑक्टोबर २००५ ला बुश यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी आपल्या व्हाइट हाउसमधल्या वकील हॅरिएट मायर्स यांचे नाव पुढे केले. घटनात्मक कायद्यात त्यांचे ठोस असे काम दिसत नव्हते. विरोधी पक्षाने तोंड उघडण्याआधी स्वपक्षाच्या ब्लॉगांनी आणि नॅशनल रिव्ह्यूच्या संकेतस्थळाने आघाडी उघडली. राष्ट्राध्यक्षांवरचा विश्वास हे काही पात्रतेचे प्रमाणपत्र नव्हे, असा त्यांचा रोख. २७ तारखेला नाव मागे घेतले गेले. चोवीस दिवस. या चोवीस दिवसांवर कोणी चित्रपट काढला नाही. रॅदर प्रकरणावर निघाला, त्यात रॉबर्ट रेडफर्ड होता.

मग सूर कुठे बदलला? याचे एकच उत्तर देता येणार नाही, पण माझ्यापुरती मी एक तारीख धरतो. २७ एप्रिल २०११. बराक ओबामांचा जन्म हवाईत झालाच नाही, या हाकाटीला कंटाळून व्हाइट हाउसने त्यांचा सविस्तर जन्मदाखला पीडीएफ करून खुला केला. त्या हाकाटीत तेव्हा डोनाल्ड ट्रम्प यांचा आवाज सगळ्यांत चढा होता. आणि काय व्हावे? लोकांनी ती फाइल चित्रांच्या प्रणालीत उघडली, तिच्यात थर सापडले. काही अक्षरे एका थरावर, काही दुसऱ्यावर. झाले! बनावट, बनावट असा गिल्ला सुरू झाला. हत्यार तेच, २००४ चे. घरबसल्या संगणक, एक कागद, अक्षरांवर रोखलेली भिंगे. नॅशनल रिव्ह्यूच्याच तंत्रज्ञाने त्याच दिवसांत दाखवून दिले की स्कॅन केलेला कागद पीडीएफ करताना प्रणाली आकार कमी करण्यासाठी असे थर आपणहून पाडते, तुमच्या घरच्या वीजबिलाचेही पाडेल. ते वाचले कोणी, मानले कोणी! ठिपक्यांची खूण दिली गेली होती, पण जुळाऱ्यांनी ती पाहिलीच नाही.

सात वर्षांत एवढे काय बदलले? २००४ मध्ये शंका आधी आली आणि राग मागून. २०११ मध्ये राग आधीच येऊन बसला होता, शंकेने फक्त त्याच्यासाठी पाट मांडला. लुकलुकणारे चित्र करणारा चार्ल्स जॉन्सन तोवर या गोटात उरलाच नव्हता. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याने आपण उजव्यांपासून का वेगळे होत आहोत याची दहा कारणे जाहीर केली होती. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते त्यांनीच त्याला शिव्या घातल्या. त्याच्या एका एका कारणाशी मी सहमत आहे असे नाही. पण ज्याची भिंगे मी मानली होती, तो माणूस निघून जाताना पाहून बरे वाटले नाही.

दुसरे कारण पैशाचे, आणि ते लवकर सांगून होते. नोंदीला दुवा जोडणाऱ्याला पैसे मिळत नव्हते, पानावर पाय ठेवणाऱ्या डोक्यांमागे मिळत होते. फेसबुक-ट्विटर आले तसे वाचक पानावर यायचेच बंद झाले. जुलै २०१३ मध्ये गूगलने आपला रीडर बंद केला आणि सकाळी चार ब्लॉग क्रमाने वाचायची सवय मोडली. ट्विटरवर आडवी रेघ नव्हती. चूक पुसायची किंवा तशीच ठेवून पुढे जायचे. बहुतेक जण पुढे गेले. एकट्यादुकट्याचे ब्लॉग मोठ्या कंपन्यांनी घेतले. 'हॉट एअर' २०१० मध्ये, 'रेडस्टेट' २०१४ मध्ये, दोन्ही सेलम या एकाच रेडिओवाल्या कंपनीकडे गेले. जानेवारी २०१६ मध्ये नॅशनल रिव्ह्यूने ट्रम्प यांच्याविरुद्ध अख्खा अंक काढला. मायर्स यांच्या वेळचीच ही रीत होती. पण या खेपेला नाव मागे घेतले गेले नाही. उलट पक्षाने नॅशनल रिव्ह्यूलाच आपल्या वादसभेच्या यजमानांतून वगळले. एप्रिल २०१८ मध्ये रेडस्टेटने बऱ्याच लेखकांना एका दिवसात नारळ दिला. त्यांतले बहुतेक ट्रम्प यांचे टीकाकार होते. त्याच डिसेंबरात 'वीकली स्टँडर्ड' हे १९९५ पासूनचे साप्ताहिक बंद पडले.

मला इथे विष्णुशास्त्री चिपळूणकर आठवतात, आणि ते ओढूनताणून आठवत नाहीत. १८७४ पासून सात वर्षे, ८४ अंक, एकहाती चालवलेली निबंधमाला हा आपला ब्लॉगच की. पुराणमतवादी म्हणा, खवचट म्हणा, लोकहितवादींवर अन्याय करणारी म्हणा. गुरुजी तिच्यातल्या टीकेवर चरफडायचे आणि तरी तिचे बांधीव खंड उशाशी ठेवायचे. पण विष्णुशास्त्री नुसते ठोकत बसले नाहीत. नोकरी सोडून त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढायला हात लावला, आर्यभूषण छापखाना, केसरी, मराठा. बत्तिसाव्या वर्षी गेले, तोवर त्यांच्या मतांना बसायला चार भिंती होत्या. अमेरिकेतल्या या हुशार वकील-प्राध्यापकांनी सीबीएसच्या भिंतीला भगदाड पाडले, ते योग्यच केले. पण ज्या विचाराचे नावच जतन करणे असे आहे, त्याचे हे पाईक, आणि स्वतः बांधलेले असे त्यांच्याकडे फारसे काही नव्हते. बातमीदार नेमणे, त्याला महिनाभर एकाच बातमीवर बसवणे, त्याच्या प्रतीवर कोणीतरी लाल शाई चालवणे, हे खर्चाचे काम त्यांनी सीबीएसवर सोडले आणि मग ते सीबीएसला जमत नाही म्हणून हसले.

त्यांच्यातले काही आता पुन्हा एकेकटे लिहू लागले आहेत. वाचक वर्गणी भरतो आणि लेख पत्रासारखा घरी येतो. अँड्र्यू सलिव्हन यांनी २०१५ मध्ये ब्लॉग थांबवला होता, ते २०२० मध्ये अशाच एका पत्रातून परतले. २०१९ मध्ये नॅशनल रिव्ह्यू आणि वीकली स्टँडर्डमधून बाहेर पडलेल्या काही जणांनी 'द डिस्पॅच' काढले. त्यात वस्तुस्थिती तपासणारी माणसे पगारावर नेमली. जावईबापू वर्गणीदार आहेत. मी फुकट वाचतो.

प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटे राखून ठेवली आहेत असे कार्यवाह म्हणाले होते, त्यांतली चार मी खाल्ली आहेत. एक राहिले. तळघरात छापलेले ते दोन कागद मी आज बरोबर आणले आहेत. वीस वर्षे ते गुरुजींनी मला दिलेल्या निबंधमालेच्या खंडात होते. शाई उडत चालली आहे, पण ओळी कुठे तुटतात ते दिसते. इथे टेबलावर ठेवतो. हा दिवा जरा खाली ओढा. ज्यांनी चष्मा आणला असेल त्यांनी पुढे यावे, आणि कागद एकावर एक धरताना वरच्या डाव्या कोपऱ्यापासून जुळवावेत.